माहीत नाही त्याची जागा

"हाई देखेल शे का आयकेल शे?"

कुणी कितीही घाईने, कितीही मोठ्या आवाजात आपली तक्रार घेऊन आला, तरी आप्पा आधी उजव्या हाताचं एक बोट वर करायचे, समोरचा गप्प होईपर्यंत ते तसंच धरून ठेवायचे आणि मग हा एकच प्रश्न विचारायचे. हे पाहिलेलं आहे की ऐकलेलं? निम्मी माणसं इथेच गडबडायची. उरलेली चिडायची. मी दुसऱ्या जातीचा.

तुम्ही सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा पाहिली असेल तर तापीकाठचा तो पसारा तुमच्या डोळ्यांपुढे असेलच. मी सांगतो आहे ती यात्रा पन्नास ते सत्तर सालच्या मधली, आमचा भाग धुळ्याकडे मोडायचा तेव्हाची. बाजारात शिरतानाच डाव्या हाताला एक तंबू असे. आलेल्या प्रत्येक घोड्याची तिथे नोंद व्हायची आणि विकलेल्या प्रत्येक घोड्याची पावती तिथून मिळायची. त्या तंबूत, एका लांब टेबलामागे, आप्पा बसत. एरवी ते शहाद्याला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. वर्षातले पंधरा दिवस यात्रेच्या कामाला येत. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते असते तर म्हणाले असते, नावाचं काय काम आहे, खुणा सांगा.

मी स्वतः त्या यात्रेत गवताचे भारे विकून सुरुवात केली. मग दोर, मोरक्या, लगाम. मग दलाली, आणि शेवटी स्वतःच्या चार घोड्या. शाळा चौथीपर्यंत. जे मिळवलं ते जिभेवर आणि बोटांवर. आमच्यात भाव रुमालाखाली ठरतो. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, वर चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. त्या कामात शहादा-तळोद्यापासून नवापूरपर्यंत माझा हात धरणारा नव्हता, हे मी आजही सांगतो.

आणि आप्पांच्या समोर ह्यातलं काही चालायचं नाही. एकदा माझ्या एका घोड्याला छातीवर अशुभ समजतात तसा केसांचा भोवरा होता. पावतीत तो लिहू नका म्हणून मी त्यांना आडून सुचवलं, मग सरळ सांगितलं, मग आवाज चढवला. ते शांतपणे लिहीत राहिले आणि शाई वाळू देत म्हणाले की भोवरा मी काढलेला नाही, मी फक्त पाहिला आहे.

आता हे सगळं इतक्या वर्षांनी का लिहितो आहे ते सांगतो. माझी नात पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते. दिवाळीत आली तेव्हा तिला एक जुना कागद त्या यंत्रात सापडेना. नाव अर्धंच आठवत होतं. तिने आठवत होती ती अक्षरं टाकली, पुढे चांदणीची खूण टाकली, आणि यंत्राने चार नावं समोर ठेवली. मी विचारलं, चांदणी कशाला? ती म्हणाली, "आजोबा, चांदणी म्हणजे इथे काहीही चालेल." हे कुणी काढलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, अमेरिकेत, पन्नास-साठ सालच्या सुमाराला, काही गणिती आणि यंत्रवाल्यांनी. मी म्हटलं, त्याच सुमाराला मी हे सारंगखेड्याला पाहिलं आहे, दाभणीने. ती हसली. हसली म्हणून लिहितो आहे.

आप्पांची युक्ती अशी होती. वर्षाला शेकड्यांनी घोडी यायची. वहीत लिहिलेलं घोडं शोधायचं तर अख्खी वही चाळावी लागे. म्हणून आप्पांनी पुठ्ठ्याची कार्डं केली, घोड्यामागे एक. शहाद्याच्या एका मोच्याकडे बसून त्यांनी प्रत्येक कार्डाच्या कडेने बावीस भोकं पाडून घेतली होती. प्रत्येक भोक एका खुणेचं. हे तांबड्या रंगाचं, हे मागचा उजवा पाय पांढरा असल्याचं, हे कपाळावरच्या टिळ्याचं, हे गळ्यावरच्या भोवऱ्याचं, हे चिरलेल्या कानाचं. घोड्याला ती खूण असली की त्या भोकापासून कडेपर्यंत कात्रीने खाच पाडायची. नसली तर भोक तसंच.

शोधायची वेळ आली की गड्डी ठोकून सारखी करायची, हव्या त्या भोकातून पोती शिवायची दाभण आरपार घालायची आणि उचलायची. ज्यांना खाच आहे ती कार्डं खाली पडत. ज्यांना नाही ती दाभणीवर लटकून राहत. पडलेली गोळा करायची आणि दुसऱ्या भोकात दाभण. तीन-चार वेळा असं केलं की शेकड्यांतून दोन-तीन कार्डं हातात उरत.

पुठ्ठे यायचे जुन्या कॅलेंडरांचे. शहाद्या-नंदुरबारच्या दुकानदारांना सांगून ठेवलेलं असे. त्यामुळे कार्ड उलटं पडलं की मागे लक्ष्मीचा हात, गणपतीच्या सोंडेचं टोक, असं काहीबाही दिसे. देवाच्या चेहऱ्याला भोक पाडणं त्यांना पटत नसे, म्हणून चेहरे वाचवून कापायचे. त्या नादात काही कार्डं आखूड झाली होती आणि गड्डीत नीट बसत नसत. कुणी हसलं तर म्हणायचे, आखूड घोडी असतील ती.

गंमत अशी की घोड्यांची इतकी माहिती असलेला हा माणूस घोड्याला भारी घाबरायचा. टेबल लांब होतं ते त्यासाठीच. घोडं पलीकडे उभं करायचं आणि आप्पा ह्या बाजूने हातातल्या वेताने, अंगाला न लावता, भोवरे मोजणार. घोडं फुरफुरलं की आप्पांची खुर्ची एक वीत मागे. आम्ही दलाल मुद्दाम घोड्याच्या कानात बोट घालून त्याला मान उडवायला लावत असू. आप्पा रागावत नसत. खुर्ची मागे घेत आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

पण त्यांचं खरं कसब दाभण घालण्यात नव्हतं. ती कुठे घालायची नाही, ह्यात होतं. लोक खुणा सांगायला यायचे तेव्हा बावीसच्या बावीस खुणा सांगायचे. माहीत असलेल्या पाच आणि उरलेल्या अब्रूखातर. ज्याला आपल्या घोड्याचा कुठला पाय पांढरा हे आठवत नाही तो काय मालक, असं वाटायचं लोकांना. आप्पा मग बोट वर करायचे. पाहिलेलं की ऐकलेलं? माणूस घुटमळला की त्या भोकावरून दाभण पुढे जायची.

"तठे मोकयं ऱ्हाऊ द्या," ते म्हणत. तिथे मोकळं राहू द्या. "माहीत नही हाई बी एक खून शे." माहीत नसणं हीसुद्धा एक खूणच.

मला हे नुसतं कौतुकाने सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ह्यात माझी एक घोडी आहे आणि दुसऱ्या एका माणसाचीही.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. श्रावणात माझ्या गोठ्यातून हरणी चोरीला गेली. तांबडी, मागचा उजवा पाय पांढरा, कपाळावर टिळा. आदल्या वर्षी ह्याच यात्रेत घेतलेली. हातात पैसा आल्यावर विकण्यासाठी नाही, ठेवण्यासाठी घेतलेलं ते पहिलं जनावर. चार महिने मी झोपेतही तिच्या टापा ऐकत होतो. मार्गशीर्षात यात्रा भरली आणि पहिल्याच दिवशी, भर दुपारी, मला ती दिसली. तांबडी, पाय पांढरा, टिळा. तिचा दोर धरून एक डोंगरातला माणूस उभा होता, धडगावच्याही वरचा, चाळिशीचा, अंगावर गुडघ्यापर्यंतचं धोतर आणि खांद्यावर घोंगडी. डोंगरातून चारोळी आणि डिंक लादून तो शहाद्याच्या बाजाराला येई, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त एवढंच पाहिलं की अशा माणसाकडे अशी घोडी आहे.

मी दोर हिसकावला आणि चोर म्हणून ओरडलो. यात्रेत हा शब्द ओरडला की पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. दोघांनी त्याचे हात मागे पिरगळले. तिसऱ्याने त्याच्या कमरेची बांबूची नळी ओढून काढली. त्यात त्याची पावती होती, पण कागद उघडून पाहायला कुणी तयार नव्हतं. तो त्याच्या बोलीत काहीतरी सांगत होता. आमच्यातल्या कुणालाच ती येत नव्हती. त्याच्या हातून घोडी गेली असती तर त्याचं वर्षाचं येणं-जाणं, मीठ-तेल, सगळं गेलं असतं. बहुधा मारही बसला असता.

कुणीतरी आप्पांच्या टेबलाकडे न्या म्हणालं. आप्पांनी माझं बोट दाखवून ओरडणं ऐकून घेतलं, गड्डी ठोकली आणि तीनदा दाभण घातली. तांबडा रंग, मागचा उजवा पाय, टिळा. दोन कार्डं पडली. एक माझ्या हरणीचं. दुसरं ह्या माणसाचं, त्यानेही गेल्याच वर्षी इथूनच घोडी घेतली होती. दोन्ही कार्डं अगदी सारखी, एका भोवऱ्याचा फरक सोडून. माझ्या हरणीला भोवरा गळ्यावर होता. त्याच्या घोडीला पोटावर, नाभीजवळ.

पोटावरचा भोवरा टेबलाच्या ह्या बाजूने दिसत नाही. आप्पा उठले. इतक्या वर्षांत मी त्यांना टेबलाच्या पुढे आलेलं पाहिलं नव्हतं. घोडी गर्दीने बिथरलेली, मागचे पाय नाचवत होती. आप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला, पुन्हा लावला, आणि सरळ तिच्या पोटाखाली वाकले. ते चांगले पंचवीस-तीस आकडे मोजून होतील इतका वेळ खाली होते. मग उभे राहिले, धोतराची धूळ झटकली आणि मला म्हणाले,

"घोडी ह्या मानूसनी शे, शेठ. तुम्हनी नही."

शेठ ते मला चिडवायला म्हणत. त्या दिवशी तो शब्द सगळ्या बाजारासमोर माझ्या तोंडावर आपटला. मी त्यांना पुठ्ठेवाला म्हणालो, रद्दीवाला म्हणालो, आणखीही बोललो. डोंगरातल्या माणसाने आपली घोडी घेतली, नळी उचलली आणि कुणाकडेही न पाहता निघून गेला.

संध्याकाळच्या आत आप्पा माझ्या राहुटीवर आले. मी पाठ फिरवून बसलो होतो. ते गवताच्या भाऱ्यावर बसले आणि म्हणाले की तुमची घोडी यात्रेत असेल तर ती तुमच्या घोडीसारखी दिसणार नाही. मला ते आधी कळलंच नाही. त्यांनी बोट वर केलं आणि हरणीच्या खुणा विचारायला लागले. मी अकरा सांगितल्या. प्रत्येकीला त्यांचा तोच प्रश्न. टाच कशी, शेपटीत पांढरे केस किती, दात किती? माझ्या लक्षात यायला लागलं की बहुतेक खुणा मला नोकराने सांगितलेल्या होत्या किंवा विकणाऱ्याने. जन्मभर घोड्यांवर पोट भरणाऱ्या माणसाने आपली स्वतःची घोडी किती थोडी पाहिली होती. शेवटी तीन उरल्या. गळ्यावरचा भोवरा, कारण रोज सकाळी मी तिथेच खाजवायचो. डाव्या कानाला कुंपणाच्या तारेने पडलेली चीर, ती माझ्यासमोर पडली होती. आणि वय.

"पाय?" मी म्हणालो. "पाय तर सगळ्यास्नी देखेल शे."

"पाय रंगवता येस. तठे दाभन घालानी नही."

चोराचा हात जिथे फिरू शकतो तिथे मोकळं. चोर जे बदलू शकत नाही तिथे दाभण. त्या यात्रेत आलेल्या घोड्यांची सगळी कार्डं त्यांनी राहुटीतच माझ्यासमोर ठोकली आणि फक्त तीन भोकांतून दाभण घातली. तीन कार्डं पडली. दोन घोड्या आम्ही जाऊन पाहिल्या, त्या नव्हत्या. तिसरीच्या कार्डावर लिहिलं होतं, निव्वळ तांबडी, पांढरं काही नाही.

ती एका परगावच्या व्यापाऱ्याच्या दावणीला होती. मी तिच्या समोरून त्या दिवशी चार वेळा गेलो होतो. आप्पा दहा हात लांब उभे राहिले आणि मला म्हणाले, मागचा उजवा पाय उचला आणि खुराच्या वरचे केस नखाने फाकवा. मी फाकवले. वरून तांबडे, आणि मुळाशी, तांदळाच्या दाण्याएवढे, पांढरेशुभ्र. कलप लावल्यानंतर उगवलेले. कपाळावरही तसेच. आम्ही पायाकडे पाहत बसलो तेवढ्यात व्यापारी दावण सोडून गेला होता. तो पुन्हा दिसला नाही.

आता माझा राग ऐका. हरणी मिळाली, पावती करायला मी टेबलाशी गेलो, आप्पांनी पावती लिहिली, शिक्का मारला, आणि कागद माझ्याकडे सरकवताना विचारलं की त्या माणसाला भेटलात का. मी म्हटलं, तो गेला. ते म्हणाले, त्याचं गाव कार्डावर आहे. मी पावती घेतली आणि वळलो.

गाव कार्डावर होतं आणि मी गेलो नाही. दोन दिवसांची वाट, सातपुड्याचा चढ, आणि वर जाऊन करायचं काय, तर हात जोडायचे. चारोळीच्या एका व्यापाऱ्याबरोबर निरोप पाठवला आणि समजूत करून घेतली. पुढच्या यात्रेला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आणि दर वर्षी, पहिल्या दिवशी मी टेबलाशी गेलो की आप्पा मान वर न करता विचारत,

"तो उना का?"

तो आला का. बस, एवढंच. मी भाव पाडण्यात तरबेज माणूस, पण ह्या तीन शब्दांसमोर मला कधी तडजोड सुचली नाही. एका वर्षी मी चिडून म्हणालो की बाजारात चारशे माणसं ओरडत होती, मी एकटा नव्हतो. त्यांनी बोट वर केलं आणि विचारलं की पहिला कोण ओरडला, हे पाहिलेलं आहे की ऐकलेलं. ही अढी माझ्या मनात अजून आहे. चूक एकदा दाखवावी, मान्य. दर मार्गशीर्षात दाखवू नये.

तरी मी दर वर्षी त्यांच्या टेबलाशी जात होतो. चहा मीच मागवत होतो.

सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमाराला तापीकाठचा माझा एक गुजर मित्र, कापूस आणि केळीवाला पाटील, आपल्या मुलाला घेऊन आला. मुलगा इंजिनिअर, अमेरिकेत गणिताच्या यंत्रांवर काम करून सुटीत आलेला. बापाला घोडा घ्यायचा होता. मुलाने गड्डी पाहिली आणि घोडा विसरला. तासभर तो टेबलाशी उभा होता. मग म्हणाला, "आप्पा, आम्ही तिकडे हेच यंत्राला शिकवतो आहोत."

आप्पांनी विचारलं, "तुन्हा यंत्रले 'माहीत नही' सांगता येस का?"

मुलगा म्हणाला की हीच तर गंमत आहे. यंत्र आधी पूर्ण नाव मागायचं, एक अक्षर चुकलं तरी नाही म्हणायचं. एका गणितज्ञाने कागदावर चांदणी मांडली होती, कितीही वेळा येऊ दे अशा अर्थाची. यंत्रवाल्यांनी ती उचलली. आता नाव अर्धंच ठाऊक असेल तर उरलेल्या जागी ती टाकायची. यंत्र समजतं की इथे काहीही असो.

आप्पांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न काढला. एखाद्याने सगळीकडेच चांदणी टाकली तर? मुलगा हसला. "मग सगळीच नावं येतात." आप्पा म्हणाले, बरोबर, मग सगळीच कार्डं पडतात, अशी गिऱ्हाइकं माझ्याकडेही येतात, चांगला घोडा शोधून द्या म्हणतात.

मग मुलाने सांगितलं की खुणा दोन लागतात. एक, इथे एकच जागा आहे पण काय आहे ते माहीत नाही. दुसरी, इथे किती जागा आहेत हेही माहीत नाही. ह्यावर आप्पांनी कार्ड उचललं आणि दाखवलं की माझ्याकडे पहिलीच आहे. भोकं बावीस ठरलेली, एखादं सोडून देता येतं. पण घोड्याच्या मांडीवर मालक लोखंड तापवून डाग देतात, ते कधी एक, कधी पाच, जितके मालक बदलले तितके. त्यांना किती भोकं ठेवायची? दहा वर्षं मला हे सुटलेलं नाही, ते म्हणाले. ती तुमची दुसरी चांदणी मला हवी होती.

त्या अमेरिकेहून आलेल्या पोराने आप्पांच्या पायांना हात लावला. मी तिथे होतो. हे मी पाहिलेलं आहे. मोठ्या गणितज्ञांची नावं पुस्तकांत असतील, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण एका कंपाउंडरने, कुणी न शिकवता, कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर अर्धी वाट काढली होती, आणि उरलेली अर्धी कुठे अडली आहे हेही त्याला नेमकं ठाऊक होतं. हे कुठेच लिहिलेलं नाही, ह्याचा मला राग आहे आणि तो जाणार नाही.

पुढच्या आषाढात आप्पा गेले. तीन दिवसांच्या तापाने. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. कार्डांच्या पेट्या कुठे गेल्या, विचारूनही कुणाला सांगता आलं नाही. मार्गशीर्षात तंबूत नवा कारकून होता, तरुण, सभ्य, टेबल लहान. छापील फॉर्म आले होते. वर ठळक लिहिलेलं, एकही रकाना रिकामा सोडू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तंबूबाहेर उभा होतो आणि तो आला. सात वर्षांनी. केस पांढरे झालेले, खांद्यावर तशीच घोंगडी. घोडी बरोबर होती, आणि तिच्या मागे तिचं शिंगरू. शिंगरू विकायचं होतं. मला पाहताच त्याने दोर आपल्याकडे ओढून घेतला आणि घोडीच्या पुढे उभा राहिला.

मी काय बोलायचं ते सात वर्षं घोळवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. "चूक मन्ही व्हती," एवढंच म्हणालो. हात जोडले. आमचे हात कसे असतात, सारखे काहीतरी ठरवत असतात. त्या दिवशी ते नुसते जोडलेले होते.

मग मोडक्या अहिराणीत त्याने विचारलं,

"तुन्ही घोडी सापडनी का?"

सात वर्षं हा माणूस भीतीने यात्रेला आला नव्हता, आणि त्याला माझी घोडी मिळाली की नाही, हे जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, सापडली, त्याच दिवशी सापडली. त्याने मान हलवली, बरं झालं, अशी. मग तो तंबूकडे वळून कुणाला तरी शोधायला लागला. पुठ्ठेवाला बाबा कुठे आहे, त्याने विचारलं. त्याच्या भरवशावर आलो.

मी सांगितलं. तो घोडीचा दोर आखडून परत फिरायला लागला. इथे आता मला ओळखणारं कोण, असं काहीतरी तो म्हणाला. मी शिंगराच्या गळ्यातला दोर धरला आणि त्या माणसाला रांगेत उभं केलं.

आमची पाळी आली. कारकुनाने नाव विचारलं, गाव विचारलं, रंग, पाय, टिळा. भराभर लिहीत गेला, घोडीकडे एकदाही न पाहता. मग शेवटच्या ओळीवर थांबला.

"ओळख कोण देतंय?"

"मी देतो," मी म्हणालो आणि सही केली.

"ह्यांना कसे ओळखता?"

मागे रांगेत चाळीसएक माणसं होती. त्यातली निम्मी मला ओळखणारी, काही त्या दिवशीही हजर असलेली. मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की सात वर्षांपूर्वी ह्याच बाजारात मी ह्यांच्यावर चोरीचा आळ घेतला होता, तो खोटा होता, ही घोडी तेव्हाही ह्यांचीच होती आणि आजही ह्यांचीच आहे.

कारकुनाने पेन वर धरून ते सगळं ऐकलं. मग फॉर्म वरून खाली पाहिला. एवढं लिहायला त्यात जागा नव्हती. त्याने त्या रकान्यात 'परिचित' असं लिहिलं, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.